चारही पुत्र गेले, भरवसा ढळला नाही : गुरू गोविंदसिंगांची जीवनकथा

इ.स. १७०५ च्या सुमारास पंजाबातील दीना-कांगड परिसरातून एक फारसी पत्र दक्षिणेकडे निघाले. ते घेऊन जाणारे दोघे शीख होते, भाई दयासिंग आणि भाई धरमसिंग. ज्याच्या हाती ते द्यायचे होते, तो बादशहा औरंगजेब सुमारे दोन तपे मराठ्यांशी झुंजून थकला होता आणि दख्खनेतच अडकून पडला होता. अखेर अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत ते पत्र त्याच्यापर्यंत पोहोचले.

पत्र लिहिणाऱ्याजवळ तेव्हा किल्ला उरला नव्हता आणि सैन्यही नव्हते. थोरले दोन पुत्र रणात पडले होते, धाकट्या दोघांना भिंतीत चिणून मारण्यात आले होते. वृद्ध माता कैदेत निवर्तली होती. पिता तर तीस वर्षांपूर्वीच दिल्लीत शीर देऊन गेले होते. अशा माणसाने हिंदुस्थानच्या सर्वांत बलाढ्य सत्ताधीशाला लिहिलेले ते पत्र दयेची याचना असते, तर कोणी नवल केले नसते. पण त्या पत्राचे नाव आहे जफरनामा, अर्थात विजयपत्र. त्याचा आरंभ बादशहाच्या स्तुतीने होत नाही, परमेश्वराच्या स्तुतीने होतो. आणि त्याचा शेवट या आशयाने होतो की, ईश्वर ज्याचा मित्र आहे, त्याचे शंभर प्रकारच्या वैरानेही काही बिघडत नाही.

सर्वस्व गमावलेल्या माणसाने कोणत्या आधारावर स्वतःला विजयी म्हणावे? शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांचे बेचाळीस वर्षांचेही न भरलेले आयुष्य हेच या प्रश्नाचे उत्तर आहे.

त्यांचा जन्म डिसेंबर १६६६ मध्ये पाटणा येथे झाला. नाव ठेवले गोविंदराय. पिता गुरू तेगबहादूर त्या वेळी पूर्वेकडील प्रदेशांच्या यात्रेत होते. माता गुजरी आणि आप्तांच्या देखरेखीखाली बालपणाची पहिली वर्षे गंगेच्या काठी गेली. पुढे हे कुटुंब शिवालिकच्या पायथ्याशी, सतलजजवळ गुरू तेगबहादूर यांनी वसविलेल्या आनंदपूरला आले. तेथे बाल गोविंदरायांचे शिक्षण सुरू झाले. गुरुमुखी, ब्रज, संस्कृत आणि फारसी या भाषा, घोडेस्वारी, धनुर्विद्या आणि तलवार अशा सर्व विद्यांचा त्यांनी अभ्यास केला. घरात नित्य कानी पडत होती ती गुरूंची आणि संतांची वाणी. त्या वाणीत महाराष्ट्राच्या नामदेवांचीही पदे होती. सुलतानाने मेलेली गाय जिवंत करण्याचे आव्हान दिले, अंगावर हत्ती सोडला, पोटच्या पुत्राचा जीव वाचावा म्हणून आईने नाव बदलून घेण्याची विनवणी केली, तरी नामदेव आपल्या देवाचे नाम सोडीत नाहीत, हा प्रसंग त्यांच्याच पदातून शीख परंपरेने जपलेला आहे. सत्तेच्या धाकापुढे नामाला धरून राहणे म्हणजे काय, याचा पाठ गोविंदरायांना पदांतून मिळाला, आणि लवकरच तो घरातही मिळाला.

१६७५ मध्ये काश्मीरमधील पंडितांचे एक शिष्टमंडळ पंडित किरपाराम यांच्या नेतृत्वाखाली आनंदपूरला आले. धर्मांतरासाठी होणाऱ्या जुलुमाची कहाणी त्यांनी गुरू तेगबहादूर यांना सांगितली. गुरू विचारमग्न झाले. एखाद्या थोर पुरुषाने आपले बलिदान दिल्याशिवाय हे संकट टळणार नाही, असे त्यांनी म्हणताच, तुमच्याहून थोर दुसरा कोण, असे लहानग्या गोविंदरायांनीच विचारले, अशी परंपरा आहे. नऊ वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलाला त्या प्रश्नाचा अर्थ कितपत कळला असेल, हे सांगणे कठीण. पण त्याची किंमत त्याला काही महिन्यांतच कळली.

नोव्हेंबर १६७५ मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकात गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाला. त्यांच्यापूर्वी भाई मतीदास, भाई सतीदास आणि भाई दयाला यांना हाल हाल करून मारण्यात आले होते. गुरूंचे शीर भाई जैता यांनी पहारे चुकवून आनंदपूरला आणले. धड लखीशाह बंजारा यांनी आपल्या घरी नेले आणि कोणाला संशय येऊ नये म्हणून घरालाच आग लावून अंत्यसंस्कार केला. ज्या बालकाच्या पुढ्यात पित्याचे शीर आले, त्याच्या मनात त्या दिवशी भीतीने कायमचे घर केले असते, तर ते मानवी स्वभावाला धरूनच झाले असते. तसे घडले नाही. गादीवर बसलेल्या या बालगुरूने पित्याचे जाणे हा देवाने सोडून दिल्याचा पुरावा मानला नाही. पित्याने शीर दिले, पण सत्त्व दिले नाही, हीच त्यांच्या दृष्टीने रक्षणाची खूण ठरली. पुढील सर्व आयुष्यात त्यांनी रक्षण या शब्दाचा हाच अर्थ धरून ठेवला.

१६८५ मध्ये सिरमूरचे राजे मेदिनीप्रकाश यांच्या आमंत्रणावरून ते यमुनेच्या काठी पाओंटा येथे राहायला गेले. तेथील तीन वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत निवांत म्हणावी अशी होती. त्यांच्या दरबारी बावन्न कवी होते असे परंपरा सांगते. स्वतः गुरूही रचना करीत. जाप साहिब, अकाल उस्तत, बचित्तर नाटक, चंडी दी वार अशा रचना आज दशम ग्रंथात संग्रहित आहेत. त्यांतील परमेश्वर निराकार, अजन्मा, काळाच्या पलीकडचा, म्हणून अकाल पुरुष आहे. आणि तोच दुष्टांचा संहार करणारा, दीनांना सांभाळणारा आहे. तलवारीला आणि पोलादालाही तेथे परमेश्वराचे नाव मिळाले. मात्र स्वतःला देव म्हणवून घेण्याला या कवीने कठोर शब्दांत मनाई केली. आपण त्या परमपुरुषाचे दास आहोत आणि जगाचा खेळ पाहायला आलो आहोत, एवढीच त्यांची स्वतःविषयीची भूमिका होती.

या भूमिकेची पहिली कसोटी १६८८ मध्ये लागली. शिखांच्या वाढत्या बळाने अस्वस्थ झालेले डोंगरी राजे एकत्र येऊन पाओंटाजवळच्या भंगाणी येथे चालून आले. गुरूंच्या पदरी असलेले अनेक पठाण शिपाई ऐन वेळी शत्रूला जाऊन मिळाले. त्याच वेळी सढौऱ्याचे पीर बुद्धूशाह हे मुस्लिम फकीर आपले पुत्र आणि अनेक अनुयायी घेऊन गुरूंच्या बाजूने मैदानात उतरले. पगारी शिपाई फिरले आणि ज्याचे काहीही देणे नव्हते तो साधू धावून आला. या लढाईत पीरांनी आपले पुत्र गमावले. विजय गुरूंना मिळाला, पण त्यांनी तो आपल्या बाहुबळाच्या खाती मांडला नाही. बचित्तर नाटकात या लढाईचे वर्णन आहे आणि तेथे यशाचे श्रेय परमेश्वराच्या कृपेला दिलेले आहे. मदत कोणाच्या हातून येईल हे आधी ठरवता येत नाही, हा अनुभव गुरूंना पुढेही वारंवार येणार होता.

त्यानंतर गुरू आनंदपूरला परतले. आनंदगड, लोहगड, केसगड, फतेहगड, होळगड असे किल्ले उभे राहिले. परंतु केवळ तटबंदीवर हा समाज उभा राहणार नाही, याची त्यांना जाणीव होती. १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर येथे मोठा मेळा भरला असताना ते हातात उपसलेली तलवार घेऊन संगतीसमोर आले आणि त्यांनी एका शिराची मागणी केली. सभा स्तब्ध झाली. अखेर लाहोरचे दयाराम पुढे आले. पुन्हा मागणी झाली. हस्तिनापूरचे धरमदास उठले. मग जगन्नाथपुरीचे हिंमत, द्वारकेचे मोहकमचंद आणि दख्खनेतील बिदरचे साहिबचंद. कोणी खत्री, कोणी जाट, कोणी पाणी भरणारा, कोणी शिंपी, कोणी नाभिक. या पाच जणांना गुरूंनी खंड्याने ढवळलेले अमृत दिले, त्यांना पंज प्यारे म्हटले आणि त्यांच्या नावापुढे सिंग हे उपपद जोडले. मग गुरूंनी हात जोडून त्यांच्याच हातून स्वतः अमृत घेतले. गोविंदराय त्या दिवशी गोविंदसिंग झाले आणि खालसा पंथ जन्माला आला.

या प्रसंगात धाडसाइतकाच विश्वासाचा भाग आहे. तलवार उपसलेल्या गुरूकडे पाठ न फिरवता त्याच्याकडे चालत जाणे, हे परमेश्वरावरील भरवशाचेच एक रूप होते. गुरूंनी त्या विश्वासाला जातीचे, प्रदेशाचे आणि प्रतिष्ठेचे बंधन ठेवले नाही. ज्यांना आजवर कोणी शस्त्र धरू दिले नव्हते, त्यांच्या मनातून भय काढून टाकणे हा खालशाच्या स्थापनेमागचा मोठा हेतू होता.

हीच गोष्ट डोंगरी राजांना आणि मोगल सुभेदारांना खुपली. १७०० पासून आनंदपूरवर एकामागून एक हल्ले होऊ लागले. या लढायांतील भाई कन्हैया यांची गोष्ट शीख समाजात घरोघरी सांगितली जाते. ते पखालीने जखमींना पाणी पाजीत आणि पडलेला शिपाई आपला की शत्रूचा हे पाहत नसत. तक्रार गुरूंपर्यंत गेली. कन्हैयांनी सांगितले की, आपल्याला रणात सर्वत्र गुरूंचेच रूप दिसते. गुरूंनी त्यांना शिक्षा केली नाही. उलट जखमांवर लावायला मलमही दिले. ज्याचा भरवसा देवावर आहे, त्याला शत्रूचा द्वेष करण्याची गरज उरत नाही, ही गुरूंची शिकवण त्या एका कृतीत सामावली आहे.

१७०४ मध्ये मोगल आणि डोंगरी राजे यांच्या संयुक्त फौजांनी आनंदपूरला घट्ट वेढा घातला. सरहिंदचा फौजदार वजीरखान त्यांत प्रमुख होता. वेढा महिनोन्‌महिने चालला. रसद तुटली, धान्य संपले, झाडांची साल आणि पाला खाऊन दिवस काढण्याची वेळ आली. माझा प्रांतातील चाळीस शिखांचा धीर सुटला. आम्ही तुमचे शीख नाही आणि तुम्ही आमचे गुरू नाही, अशा आशयाचा बेदावा लिहून देऊन ते निघून गेले. गुरूंनी तो कागद ठेवून घेतला, त्यांना अडवले नाही.

त्यानंतर शत्रूकडून सुरक्षित वाटेचे वचन आले. किल्ला सोडून जा, कोणी अंगाला हात लावणार नाही, अशी शपथ घेतली गेली. मोगल सरदारांनी कुराणाची आणि डोंगरी राजांनी गाईची. या शपथांचा भरवसा गुरूंना नव्हता. परंतु उपासमारीने खंगलेले साथीदार आणि माता गुजरी यांचा आग्रह वाढत गेला, आणि डिसेंबरच्या एका थंड रात्री आनंदपूर सोडण्यात आले.

शपथ टिकली नाही. सरसा नदीजवळ पाठलाग करणाऱ्या फौजा तुटून पडल्या. नदी फुगली होती. कित्येक शीख प्रवाहात वाहून गेले, कित्येक लढताना पडले, वर्षानुवर्षे जमविलेली हस्तलिखिते पाण्यात गेली. त्या गोंधळात कुटुंबाची ताटातूट झाली. माता सुंदरी आणि माता साहिब देवां दिल्लीच्या वाटेला लागल्या. माता गुजरी धाकट्या दोन नातवांसह एकीकडे गेल्या. गुरू, दोन थोरले पुत्र आणि सुमारे चाळीस शीख चमकौर गावी पोहोचले आणि तेथील एका मातीच्या गढीत त्यांनी आश्रय घेतला.

चमकौरची लढाई हा इतिहासातील अत्यंत विषम सामना होता. एका बाजूला प्रचंड फौज आणि दुसऱ्या बाजूला उपाशी चाळीस माणसे. गुरूंनी पुढे जफरनाम्यात याच विषमतेचा उल्लेख करून बादशहाला विचारले की, अशा स्थितीत चाळीस भुकेल्यांनी काय करावे. शीख पाच-पाच जणांच्या तुकड्यांनी बाहेर पडत आणि लढता लढता धारातीर्थी पडत. अठराच्या उंबरठ्यावरचे अजितसिंग गेले. त्यांच्या पाठोपाठ चौदाव्या वर्षात असलेले जुझारसिंग पित्याची आज्ञा घेऊन गेले. पित्याने दोघांनाही गढीवरून लढताना आणि पडताना पाहिले. पंज प्याऱ्यांपैकी हिंमतसिंग, मोहकमसिंग आणि साहिबसिंग येथेच कामी आले. बिदरचे साहिबसिंग दख्खनेतून निघून शेवटी पंजाबच्या मातीत मिळाले.

रात्र झाली तेव्हा मोजकेच शीख उरले होते. गुरूंनाही सकाळी लढतच मरण पत्करायचे होते. तेव्हा उरलेल्यांपैकी पाच शिखांनी पंथाच्या अधिकाराने गुरूंना गढी सोडून जाण्याची आज्ञा केली. वैशाखीच्या दिवशी ज्या पाचांपुढे गुरूंनी स्वतः हात जोडले होते, त्या परंपरेचा शब्द त्यांना मोडता आला नाही. चेहऱ्याने गुरूंशी साम्य असलेले संगतसिंग यांनी गुरूंची कलगी आणि पोशाख चढवला आणि ते गढीत थांबले. गुरू अंधारात बाहेर पडले, पण चोरपावलांनी नाही. आपण जात आहोत हे त्यांनी टाळी वाजवून जाहीर केले, असे परंपरा सांगते.

यानंतरचे दिवस माछीवाड्याच्या जंगलातले. अंगावर फाटके कपडे, पाय काट्यांनी रक्तबंबाळ, डोक्याखाली उशी म्हणून दगड किंवा मातीचे ढेकूळ. सोबती पांगलेले, पुत्र गेलेले, शत्रू मागावर. या अवस्थेत रचलेले मानले जाणारे एक छोटे पद शीख समाजात आजही गायले जाते. त्यात तक्रार नाही, शत्रूला शाप नाही. प्रिय मित्राला, म्हणजे परमेश्वराला, आपल्या फकीर शिष्यांची हकीकत कळवावी एवढीच विनंती आहे. आणि त्याच्यावाचून मऊ अंथरूणही दुखण्यासारखे, महालात राहणेही सापांच्या सहवासासारखे वाटते, असा त्याचा भाव आहे. किल्ला गेल्याचे दुःख त्या पदात नाही; देवाशी असलेली जवळीक तुटू नये, एवढीच त्यातील ओढ आहे.

आणि मदत आली. ती आली नबीखान आणि गनीखान या दोन पठाण भावांच्या रूपाने. त्यांनी गुरूंना निळी वस्त्रे देऊन उच्चचे पीर म्हणून पालखीत बसवले आणि मोगल चौक्यांमधून स्वतःच्या खांद्यावर बाहेर काढले. पुढे रायकोटचे राय कल्हा यांनी आसरा दिला. तेही मुस्लिम होते. गुरूंचा लढा कोणत्याही धर्माविरुद्ध नव्हता, जुलूम आणि वचनभंग यांच्याविरुद्ध होता, हे ज्यांना उमगले त्यांनी जीव धोक्यात घालून त्यांना साथ दिली.

राय कल्हा यांच्याकडे असतानाच सरहिंदची बातमी आली. माता गुजरी आणि दोन्ही नातू यांना घरच्या जुन्या आचाऱ्याने, गंगूने, आसरा देतो म्हणून नेले आणि शत्रूच्या हवाली केले. वजीरखानाने तिघांना थंड्या बुरुजात कोंडले. कडाक्याच्या थंडीत आजीने नातवांना आजोबांच्या बलिदानाची कथा सांगत धीर दिला. जोरावरसिंग जेमतेम आठ-नऊ वर्षांचे, फतेहसिंग त्यांच्याहूनही लहान. धर्म सोडला तर सुख, न सोडला तर मरण, असा पर्याय त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. दोघांनीही नकार दिला. मालेरकोटल्याचे नवाब शेर मोहम्मदखान यांनी भर दरबारात या बालहत्येला विरोध केला. त्यांचे ऐकले गेले नाही. दोन्ही मुलांना भिंतीत चिणून मारण्यात आले. माता गुजरी यांनीही त्याच बुरुजात प्राण सोडला. तिघांच्या अंत्यसंस्कारासाठी दिवाण टोडरमल यांनी जमिनीवर सोन्याच्या मोहरा मांडून जागा विकत घेतली, अशी आठवण लोकांनी जपली आहे. ती भूमी आज फतेहगड साहिब म्हणून ओळखली जाते.

मालेरकोटल्याच्या नवाबाचा तो एकटा निषेध शिखांनी कधीही विसरला नाही. कृतज्ञता आणि न्याय या दोन्ही गोष्टी गुरूंच्या लेखी शोकापेक्षा मोठ्या होत्या.

अशा मनःस्थितीत जफरनामा लिहिला गेला. एकशे अकरा फारसी शेरांच्या या पत्रात गुरूंनी बादशहाच्या शपथेला थेट हात घातला. ज्या धर्मग्रंथावर हात ठेवून वचन दिले, त्याचा मान तुझ्या माणसांनी राखला नाही. मग तू कसला धर्मनिष्ठ, असा त्यांचा सवाल होता. बादशहाची तडफ, युद्धकौशल्य आणि दानशूरपणा मान्य करून, धर्मापासून मात्र तो दूर असल्याचे त्यांनी बजावले. सर्व उपाय थकल्यावर तलवार हाती घेणे योग्यच आहे, हे तत्त्व त्यांनी मांडले. चार मुले मारलीत म्हणून काय झाले, वेटोळे घातलेला नाग अजून शिल्लक आहे, असे सांगताना त्यांचा रोख खालशाकडे होता. आणि या सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट होती. बादशहाने विश्वास टाकला तो फौज, खजिना आणि मोडता येणाऱ्या शपथांवर. गुरूंनी टाकला तो ज्याचे वचन मोडत नाही त्याच्यावर. इतक्या शत्रूंच्या वेढ्यातून ज्याने आपल्याला सुखरूप बाहेर काढले, त्याचे आभार या पत्रात आहेत. पुत्र का वाचवले नाहीत, असा जाब मात्र कोठेही नाही.

याच काळात खिदराणा येथे पाठलागावर असलेल्या फौजेशी पुन्हा सामना झाला. तेथे गुरूंच्या आधी येऊन उभे ठाकले ते बेदावा लिहून गेलेले चाळीस शीख. माई भागो नावाच्या शूर स्त्रीने त्यांची निर्भर्त्सना केली होती आणि स्वतः शस्त्र हाती घेऊन ती त्यांना परत घेऊन आली होती. ते सर्व लढून पडले. अखेरचे श्वास घेणाऱ्या महासिंगांनी गुरूंकडे एकच मागणी केली, तो कागद फाडून टाकावा. एवढ्या पळापळीत, सरसेच्या पुरात आणि माछीवाड्याच्या जंगलातही गुरूंनी तो कागद जवळ ठेवला होता. त्यांनी तो तिथेच फाडला. त्या स्थळाला आज मुक्तसर म्हणतात. भीतीने देव आणि गुरू सोडून गेलेल्यांनाही परतीची वाट असते, हे त्या फाटलेल्या कागदाने सांगितले.

पुढे तलवंडी साबो येथे गुरूंना काही महिन्यांची उसंत मिळाली. तेथे त्यांनी गुरू तेगबहादूर यांची वाणी समाविष्ट करून ग्रंथसाहिबाची संहिता सिद्ध केली. लेखनाचे काम भाई मणिसिंग यांनी केले. माता सुंदरी येथे आल्या आणि त्यांनी मुलांविषयी विचारले, तेव्हा गुरूंनी समोर बसलेल्या संगतीकडे बोट दाखवले, असे सांगतात. चार गेले तरी काय झाले, हजारो जिवंत आहेत, हा त्यांचा भाव होता.

जफरनामा वाचून औरंगजेबाने गुरूंना भेटीला बोलावण्याची तयारी दाखवली. गुरू दक्षिणेकडे निघालेही. पण ते राजस्थानात असतानाच मार्च १७०७ मध्ये अहमदनगर येथे बादशहाचा मृत्यू झाल्याचे कळले. त्याचा वारस बहादूरशाह याच्याशी गुरूंची भेट आग्रा येथे झाली. त्यानंतर ते त्याच्या लष्करासमवेत दख्खनेत आले आणि १७०८ मध्ये गोदावरीच्या काठी नांदेड येथे थांबले.

नांदेडलाच माधोदास नावाच्या बैराग्याशी त्यांची गाठ पडली. हाच पुढे बंदासिंग बहादूर म्हणून पंजाबात गेला आणि १७१० मध्ये वजीरखानाला युद्धात मारून त्याने सरहिंद जिंकले. पण ते पाहायला गुरू राहिले नाहीत. वजीरखानाने पाठवलेल्या मारेकऱ्यांनी नांदेडच्या तळावर त्यांच्यावर वार केला. गुरूंनी हल्लेखोराला तेथेच ठार केले. जखम शिवण्यात आली. मात्र एक जड धनुष्य ताणताना टाके उसवले. ऑक्टोबर १७०८ मध्ये ते निवर्तले. जाण्यापूर्वी त्यांनी यापुढे कोणी देहधारी गुरू नसेल, ग्रंथसाहिब हाच गुरू, असे जाहीर केले. आपल्या पश्चात शिखांनी कोणा माणसाच्या आयुष्यावर विसंबू नये, अशी ती व्यवस्था होती. शत्रू गुरूचा देह मारू शकतो. ज्या शब्दावर पंथ उभा आहे, त्याला खंजीर लागत नाही.

नांदेडला आज तख्त सचखंड श्री हजूर साहिब उभे आहे. महाराजा रणजितसिंग यांनी एकोणिसाव्या शतकात बांधविलेल्या या वास्तूकडे देशभरातील शीख यात्रेकरूंची रीघ असते. ज्या ग्रंथाला येथे गुरुपद मिळाले, त्यात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. पंढरीच्या वाटेवरून निघालेली वाणी पंजाबात रुजली आणि गुरूरूपाने पुन्हा गोदावरीकाठी परत आली.

रोज संध्याकाळी शीख घरांत आणि गुरुद्वारांत रहिरास म्हटली जाते. त्यात गुरू गोविंदसिंगांच्या नावाने चालत आलेली बेनती चौपई असते. आपल्या हाताचा आधार देऊन आमचे रक्षण कर, मन तुझ्या चरणी राहू दे, तुझ्या सेवकांना सुखी ठेव, असे त्यातील मागणे आहे. ज्यांचे पिता, माता, चारही पुत्र आणि अखेर स्वतःचा देहही शत्रूच्या हातून गेला, त्यांच्या तोंडची ही रक्षणाची प्रार्थना आहे. तीन शतके लोटली तरी ती म्हणणाऱ्यांना तिच्यात विसंगती वाटत नाही. देव वार चुकवील असे त्यांनी आपल्या शिखांना कधी सांगितले नाही. वार झेलतानाही तो हात सोडणार नाही, हे मात्र त्यांनी चमकौरच्या गढीपासून गोदावरीच्या काठापर्यंत जगून दाखवले.